न भाजलेली माती

आमच्याकडे पुण्याहून कोणी आलं की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी म्युझियम, हे ठरलेलं. यात कलेची ओढ वगैरे काही नाही. ऑगस्टमध्ये क्राइस्टचर्चला बाहेर पाच मिनिटं उभं राहवत नाही, मॉलमध्ये नेलं तर माणसं किमती वाचून हबकतात, आणि रिकार्टनच्या आमच्या एवढ्याशा घरात दिवसभर एकमेकांच्या पायात पायात येतात. म्युझियम फुकट, आत हीटर, बाथरूम स्वच्छ, गाडी लावायला जागा. अजून काय पाहिजे? इतक्या वर्षांत या गावातली सगळी म्युझियमं आणि आर्ट गॅलऱ्या मी इतक्यांदा पाहिल्यात, की तो मोआ पक्ष्याचा सांगाडा आता मला नावाने हाक मारेल.

सासूसासरे दर वर्षी थंडीत यायचे, म्हणजे इथल्या थंडीत, आणि गणपती करून परत जायचे. त्यांना घेऊन म्युझियम बघणं म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा. सासरे, त्यांना मी बाबाच म्हणते, पहिल्या दालनातल्या पहिल्या पाटीपासून सुरुवात करायचे. वस्तू नाही, पाटी. वस्तूकडे ओझरती नजर, पाटी मात्र पूर्ण. कोणाचं, कुठलं, कशाचं बनवलेलं, कोणी दिलं, सगळं. मी पुढच्या दालनात जाऊन, बाकावर बसून, ऑफिसच्या चार मेल्सना उत्तरं देऊन परत यायचे तरी बाबा तिसऱ्या पाटीवर. बरं, वाचून झाल्यावर मला मराठीतून सांगायचे. मला इंग्रजी येतं हो बाबा, असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाले, येतं गं, पण तू वाचत कुठे आहेस.

सासूबाई याच्या अगदी उलट. त्या पाटीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. पुतळा असो, मडकं असो, लाकडी कोरीव काम असो, त्या थेट मागे जायच्या. म्हणायच्या, समोरून काय, सगळेच नटवतात, करणाऱ्याचा हात पाठीमागे कळतो. आणि मग भिंत आणि पुतळा यांच्यामधल्या बोळकांडीत शिरून, मान वाकडी करून बघायच्या. पहारा देणारी माणसं सावकाश त्यांच्या दिशेने यायला लागायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तर एका आधुनिक शिल्पाच्या मागे त्यांची शाल अडकली आणि ती सोडवायला दोन माणसं आली. घरी आल्यावर सासूबाईंचा अभिप्राय असा, की त्या शिल्पकाराने मागची बाजू कंटाळून सोडून दिली आहे.

त्यांना हे सांगायचा अधिकार होता, कारण आमच्या घरचा गणपती त्या स्वतः करायच्या. पुण्यात शाडूचा करायच्या. इथे शाडूची माती आणायची सोय नाही, विमानतळावर बुटाला लागलेला चिखलसुद्धा हे लोक धुऊन घ्यायला लावतात. मग त्यांनी इथल्या कुंभारकामाच्या दुकानातून मातीची पिशवी आणली. पहिल्या वर्षी नुसती कुरकुर. मातीला वास नाही, फार गुळगुळीत आहे, बोटाला धरत नाही. पण केला. मागच्या अंगणात मोठ्या टबमध्ये विसर्जन झालं, आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी पुढे दर वर्षी होत गेली. टबाच्या तळाशी बसलेला गाळ बाबांच्या जुन्या पंच्यातून गाळला, गॅरेजमध्ये पसरून वाळवला, गोळा बांधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. पुढच्या वर्षीचा गणपती त्याच मातीचा. त्याच्या पुढच्या वर्षीचाही. एकच माती, दर वर्षी नवा गणपती. दुसऱ्या वर्षापासून त्या म्हणायला लागल्या की आता ही माती ओळखीची झाली.

मागच्या वर्षी त्यांनी गणपती पूर्ण केला, डोळे रेखले, गॅरेजमधल्या फळीवर वाळायला ठेवला, आणि चतुर्थीच्या आधीच गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या, दुपारी हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं. इतकं पटकन की मला अजूनही कधी कधी वाटतं, त्या कुठल्यातरी दालनात पुतळ्याच्या मागे राहून गेल्या आहेत आणि आता बाहेर येतील.

घरात सुतक. त्या वर्षी गणपती बसला नाही. बाबा अस्थी घेऊन पुण्याला गेले. गुरुजींना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, प्रतिष्ठा झालेली नाही, पूजा नको, मूर्ती तशीच पाण्यात सोडा. सोपं होतं. पण नवरा म्हणाला, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. मूर्ती फळीवरच राहिली, गवत कापायच्या मशीनच्या वर, जुन्या टॉवेलखाली. तो कधीतरी गॅरेजमध्ये जायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. मी जाऊन बघितलं तर टॉवेल बाजूला करून मूर्तीच्या पाठीकडे बघत उभा. सासूबाई मूर्तीची पाठ कधी गुळगुळीत करायच्या नाहीत. तिथे त्यांची बोटं तशीच्या तशी उमटलेली होती, चार बोटं आणि खाली अंगठा.

या वर्षी गावाबाहेरच्या एका लहानशा म्युझियमने लोकांना विनंती केली, की घरात हातांनी बनवलेल्या वस्तू प्रदर्शनासाठी द्या. नवऱ्याने मूर्ती दिली. मला सांगितलं ती देऊन आल्यावर. बाबांना तर सांगितलंच नाही. वर त्याच्या डोक्यात असं, की प्रदर्शन संपल्यावर ती कायमचीच देऊन टाकायची. काचेत राहील, तापमान सांभाळतील, कधी काही होणार नाही. मी म्हटलं, अरे, गणपती आहे तो, बोळवायचा असतो. तर म्हणाला, प्रतिष्ठाच झालेली नाही, मूर्ती आहे नुसती. आईची शेवटची.

ऑगस्टच्या शेवटी बाबा आले, एकटे. आल्या आल्या गॅरेजमध्ये गेले आणि रिकामी फळी बघून परत आले. मला सांगावं लागलं. ओरडले नाहीत. चहा प्यायले, कप धुतला आणि म्हणाले, तुझ्या नवऱ्याला सांग की मूर्ती परत आण. नवरा घरी आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, बाबांना सांग की शक्य नाही. झालं. तिथून जे सुरू झालं त्याने माझं डोकं फिरायची वेळ आली. दोघं एका टेबलावर जेवायचे, एकमेकांना भाजी वाढायचे, क्रिकेटवर बोलायचे, पण मूर्तीचा विषय निघाला की दोघांची तोंडं माझ्याकडे. तुझ्या नवऱ्याला सांग. बाबांना सांग. अरे, मी काय पोस्टमन आहे? तुमच्या मधोमध बसलेय, दोघांनाही ऐकू येतंय.

प्रदर्शनाचं उद्घाटन नेमकं चतुर्थीला आलं. काचा बसवायच्या आधी वस्तू देणाऱ्या घरांना बोलावलं होतं. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि वर स्वेटर घालून तयार. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, मान्य केलं बहुतेक. म्युझियमची बाई साठीची, गोड, किआ ओरा म्हणत सगळ्यांना भेटणारी. तिने माओरी भाषेत छोटीशी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमची मूर्ती पाटावर, मधल्या चौथऱ्यावर ठेवली होती, म्हणजे चारी बाजूंनी बघता येईल. नवऱ्याने तसं मुद्दाम मागून घेतलं होतं, पाठ दिसावी म्हणून. बाबांनी आधी पाटी वाचली, मग पुढे झाले आणि खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसताहेत. रुमालात आमच्या लॉनमधून खुडलेल्या दूर्वा होत्या आणि अक्षता. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी दूर्वा मूर्तीच्या छातीला लावल्या, डोळ्यांना लावल्या, आणि पुटपुटत सगळे मंत्र म्हणून टाकले. म्युझियमच्या बाईला वाटलं, यांचीही प्रार्थना असेल. तिने आदराने परत मान खाली घातली. माझा नवरा तेव्हा दाराशी कोट अडकवत होता. मी बघत होते आणि मला कळत होतं, ही प्राणप्रतिष्ठा चालली आहे.

गाडीत बसल्यावर बाबांनी मला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला सांग, आता ती मूर्ती नाही, गणपती आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जन. तोवर रोज नैवेद्य आणि दोन वेळा आरती. नवरा गाडी चालवत होता. एका सिग्नलला हिरवा लागला तरी हलला नाही.

आता रोजचा नैवेद्य म्युझियममध्ये कोण नेणार? मी. घरून काम करते ना, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मते मी रिकामीच. सकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून वरण-भात लावायचा, लंच ब्रेकमध्ये बाबांना गाडीत घालायचं. गॅलरीत खायचं न्यायला बंदी, ते बरोबरच आहे. मग बाबांनी तोडगा काढला. पार्किंगमध्ये, ज्या भिंतीपलीकडे गणपती आहे असा त्यांचा अंदाज होता त्या भिंतीकडे तोंड करून, गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवायचा, बाटलीतलं पाणी भोवती फिरवायचं, डोळे मिटायचे. बाजूला एक गोरं जोडपं व्हॅनमध्ये सँडविच खात बसलेलं. त्यांनी मला विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, यू नो, फॅमिली थिंग. ते म्हणाले, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत, मस्तच. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं.

नंतर आत जाऊन आरती. हळू आवाजात, टाळ्यासुद्धा बोटांनीच. म्युझियम पाचला बंद, म्हणून संध्याकाळची आरती साडेचारला. म्हणजे मी पुन्हा गाडी काढायची. दालनावर लक्ष ठेवणारा माणूस पहिल्या दिवशी जवळ येऊन उभा राहिला, नंतर नंतर तोच खुर्ची आणून द्यायला लागला. बाबांना म्युझियम आवडायला लागलं होतं. माओरी वस्तूंच्या दालनातून बाहेर पडताना पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, हात ओले करून अंगावर शिंपडायला, म्हणजे पवित्र वस्तूंजवळून परत रोजच्या जगात. ती पाटी त्यांनी मला दोनदा समजावून सांगितली. यांना कळतं, म्हणाले. यांना कळतं, मग आपल्या घरात का कळत नाही, एवढं मात्र ते मुलाला विचारायला तयार नाहीत.

मी शेवटी स्वतःच म्युझियमच्या बाईला गाठलं. मला वाटलं होतं, नियम सांगेल, कमिटी सांगेल, महिने लागतील म्हणेल. मी सगळं वाद घालायच्या तयारीने गेले होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, वस्तू तुमची आहे, तुमच्या रिवाजाप्रमाणे जायला हवी असेल तर ती जाईल, तुमच्या नवऱ्याने फक्त तसं सांगायचं. संपलं. मी तिथेच बाकावर बसले. अख्खं म्युझियम एका वाक्यात कबूल, आणि घरातली दोन माणसं इतके दिवस माझं भरीत करताहेत.

घरी येऊन मी जेवणाची ताटं वाढली आणि सांगून टाकलं, की उद्यापासून मी गाडी काढणार नाही. नैवेद्य करून देईन, पण न्यायचा कोणी, बोलायचं कोणी, हे तुमचं तुम्ही बघा. माझी आई नव्हती ती, पण मीही तिच्यासाठी रडलेय, तुमच्या दोघांइतकीच, आणि मला कोणी विचारलेलं नाही. हे शेवटचं बोलणार नव्हते, पण निघून गेलं. बाबांनी माझ्या ताटात पोळी वाढली. ती मी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नवऱ्याने गाडीची किल्ली घेतली. मी मागच्या सीटवर बसले, कारण हे दोघं वाटेत एकमेकांना काय सांगतील याची मला काळजी होती. पार्किंगमध्ये बाबांनी बॉनेटवर डबा ठेवला, आणि नवरा पहिल्यांदाच ते बघत होता. वडिलांनी भिंतीसमोर डोळे मिटलेले पाहून त्याचा चेहरा कसातरीच झाला. त्याने बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं.

आत दालनात तो सवयीने मूर्तीच्या मागे गेला. बाबा पुढे, पाटीपाशी. मध्ये काच आणि गणपती. मी बाजूच्या बाकावर बसून ठरवलं होतं की माझ्याकडे बघितलं तरी तोंड उघडायचं नाही. बाबांनी बघितलंच नाही माझ्याकडे. पाटीवर बोट ठेवलं आणि मुलाला म्हणाले,

"हे वाचलंस का? गणपती. न भाजलेली माती."

"मीच सांगितलं होतं त्यांना, बाबा."

"मग तुला माहीत आहे. भट्टी होती त्या मातीच्या दुकानात. तुझ्या आईला विचारलं होतं त्यांनी, भाजून देऊ का म्हणून. ठेवायची असती तर तिने भाजून घेतली असती."

नवरा काचेपलीकडे, खाली बघत होता. त्याच्या डोळ्यांच्या समोरच ती बोटं होती.

"ही विरघळली की माझ्याकडे काय राहणार तिचं?"

"माती राहणार," बाबा म्हणाले. "तीच माती, रे. दर वर्षी तीच. ती मोडल्याशिवाय पुढचा गणपती कशाचा करणार?"

माझा नवरा चारचौघांत रडणारा माणूस नाही. तिथे रडला. खुर्ची देणाऱ्या माणसाने दालनाचं दार हळूच ओढून घेतलं.

अनंत चतुर्दशीला म्युझियमच्या बाईने सकाळी उघडायच्या आधी बोलावलं. काच काढली. तिने पांढरे हातमोजे घातले होते, बाबांना पुढे येताना बघून तिने ते काढून खिशात टाकले. उत्तरपूजा झाली, बाबांनी मूर्ती जागेवरून जराशी हलवली, हातावर दही ठेवलं. म्युझियममध्ये दही कसं चाललं, मला विचारू नका. घरापर्यंत नवरा मूर्ती मांडीवर घेऊन बसला आणि गाडी मी चालवली. चालवणार नाही म्हणाले होते, तरी.

अंगणात तोच टब. बाबांनी मुलाला सांगितलं, हात घाल, सोडू नकोस लगेच, तिसऱ्यांदा सोड. तिसऱ्यांदाही त्याने बराच वेळ सोडली नाही. वर्षभर वाळलेली माती, मला वाटलं होतं खूप वेळ घेईल. पण पाणी लागल्यावर तिच्यातून बारीक बुडबुडे निघाले आणि आधी पाठ गेली. ती बोटं मी बघत होते, एक एक करून मऊ झाली आणि मग नुसतं गढूळ पाणी. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले, आणि मग खिरापत घेऊन बाहेर आले, कारण ती कोणीतरी वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गाळ गाळला. पंचा कसा धरायचा यावरून वाद घातले, आपापसात. नवऱ्याने गोळा बांधला, वाकडातिकडा, आणि गॅरेजच्या फळीवर ठेवला. पंच्याला चिकटलेली चिमूटभर माती त्याने पाटावर लावली आणि तो पाट म्युझियमला नेऊन दिला. विसर्जनाहून पाट रिकामा आणायचा नसतो, थोडी माती आणायची असते, हे त्याने त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, ठेवू. आता काचेत तो पाट आहे. बाबांनी जायच्या आधी जाऊन पाटी वाचली. ती बरोबर आहे, फक्त अक्षर बारीक आहे, असं म्हणाले.

बाबा पुण्याला परतल्यापासून पुन्हा दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. सासूबाई गेल्यानंतर वर्षभर तो फोन माझ्याकडेच यायचा. आधी माझी चौकशी, मग हवा, मग तुझ्या नवऱ्याला सांग म्हणून पाच-सहा निरोप. मी कंटाळून जायचे. मागच्या रविवारी मी पीठ मळत होते. हात पुसून, ओट्यावरचा फोन धावत जाऊन उचलला. मी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही, हवा विचारली नाही.

"माती वाळली का?" म्हणाले, आणि मी बघून सांगते म्हणायच्या आत, "तू राहू दे गं. त्याला दे."